धनत्रयोदशीचे भांडे : केवढे घ्यावे?

आश्विन वद्य त्रयोदशी उजाडली की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या आपल्या जिल्ह्यातील पेठांमध्ये भांड्यांच्या दुकानांपुढे पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. सोयाबीन बाजारात गेलेले असते, पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊ लागलेला असतो, हाती दोन पैसे खेळत असतात. आणि धन्वंतरीच्या प्रकटदिनी धातूची एखादी तरी नवी वस्तू घरात यावी, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ज्याला शक्य आहे तो खामगावच्या प्रसिद्ध चांदीपेठेतून चांदीचे निरांजन नेतो. परंतु बहुसंख्य घरांत या दिवशी येते ते भांडेच. दुकानाच्या कोपऱ्यात नावे कोरणारा कारागीर बसलेला असतो, त्याच्या यंत्राची टकटक अखंड चालू असते, आणि नव्या भांड्यावर स्वतःचे नाव उमटताना पाहण्यात घरच्या लक्ष्मीला जो आनंद होतो, त्याला तोड नाही.

या खरेदीत धातूची चिकित्सा होते, वजनाची होते, किमतीची तर तासभर होते. मात्र एका प्रश्नाकडे, आमच्या अनुभवाने सांगतो, फार थोड्यांचे लक्ष जाते. भांडे केवढे घ्यावे? आपल्या घरात पाने किती, भात किती शिजतो, सणाला माणसे किती येतात, आणि भरलेले भांडे चुलीवरून उतरविणार कोण? समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृताचा कलश हाती घेऊन वर आले. त्या कलशात किती अमृत मावत होते, हे आजवर कोणत्याही पुराणिकबुवांनी आम्हांस सांगितलेले नाही. देवांना पुरले, असुरांना मिळाले नाही, एवढेच आपण जाणतो. संसारातल्या भांड्याचे मात्र माप सांगावेच लागते.

महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिरापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. वनवासात निघालेल्या पांडवांमागे ब्राह्मणसमुदाय निघाला. अतिथींना उपाशी ठेवणे गृहस्थाला शक्य नाही, आणि अरण्यात धान्य तरी कोठले? युधिष्ठिराने सूर्याची उपासना केली, आणि सूर्यनारायणाने त्याला तांब्याचे पात्र दिले. त्या पात्रातील अन्न द्रौपदी जेवेपर्यंत संपत नसे. ती जेवली की त्या दिवसापुरते पात्र रिते. पुढे दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी आले आणि पात्राच्या काठाला चिकटलेल्या भाजीच्या पानावर श्रीकृष्णांनी सर्वांची क्षुधा भागविली, ही कथा घराघरांत सांगितली जाते. आम्हांला त्या कथेत नेहमी जाणवते ती एक गोष्ट : घरची गृहिणी सर्वांत शेवटी जेवत होती, आणि भांड्याचा हिशेब तिच्या पानापाशी पुरा होत होता. आजही तो तेथेच पुरा होतो. भांडे लहान पडले तर उणीव पडते ती तिच्या पानात, आणि भांडे अवजड असले तर ओझे येते ते तिच्याच मनगटावर.

आमच्याच घरची हकीकत सांगतो. चिखली तालुक्यातील आमच्या गावी एके काळी अठरा माणसांचे एकत्र कुटुंब होते. त्या काळातील पितळी बगोणी, गंज, परात, घंगाळ, पाण्याचे गुंड अशी भांडी आमच्या मातोश्रींनी जपून ठेवलेली. त्यांची नावेही त्यांत शिजणाऱ्या धान्यावरून पडलेली होती. एकाला म्हणत शेराचे, दुसऱ्याला अडशेरीचे, आणि सर्वांत मोठे ते पायलीचे. पायली म्हणजे चार शेर. पायलीभर तांदळाचा भात त्यात एका वेळी शिजत असे आणि चाळीस-पन्नास पाने सहज उठत. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, शेर-पायली बाजारातून हळूहळू गेली, परंतु आमच्या स्वयंपाकघरातील भांड्यांची नावे बदलली नाहीत.

पुढे भाऊ नोकरीनिमित्त पुण्या-नागपुरास गेले, आम्ही बुलढाण्यास बिऱ्हाड केले, आणि घरात चार माणसे उरली. मग एका धनत्रयोदशीस आमच्या सौभाग्यवतींनी स्टीलच्या सात पातेल्यांचा, एकात एक बसणारा संच पसंत केला. दिसावयास तो फार देखणा होता. फळीवर मांडला तेव्हा शेजारच्या भगिनी मुद्दाम पाहावयास आल्या. परंतु सहा महिन्यांत असे ध्यानात आले की रोज वापरात येतात ती मधली तीनच. सर्वांत लहान दोन पातेल्यांत फोडणीसुद्धा नीट बसेना, आणि सर्वांत मोठी दोन रोजच्या स्वयंपाकास मोठी, सणाच्या स्वयंपाकास लहान! मातोश्री एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, संच दुकानदाराच्या फळीचा असतो. आपल्या घराचा नसतो."

या वाक्याचा अर्थ आम्ही पुढे कागद-पेन्सिल घेऊन समजावून घेतला. चार माणसांच्या घरात एका वेळेस साधारणतः तीनशे ग्रॅम तांदूळ लागतो. तांदूळ शिजून सुमारे तिप्पट होतो. वर पाणी उकळावयास जागा हवी. तेव्हा अडीच लिटरांचे पातेले भाताला योग्य. वरणाला दोन लिटरांचे पुरे. दुधाची गोष्ट वेगळी. ते उतू जाते, म्हणून लिटरभर दुधाला दोन लिटरांचे भांडे हवेच. पाणीदार पदार्थाने भांडे पाऊण भरावे, फेसाळणाऱ्याने दोनतृतीयांश, आणि खीर-बासुंदीसारख्या आटवावयाच्या पदार्थाने अर्धे. प्रेशर कुकरलाही हाच न्याय आहे. तो कधीही दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये, आणि डाळ-तांदूळ थेट त्यात लावताना तर अर्ध्यावर थांबावे. चार माणसांना पाच लिटरांचा कुकर पुरतो; दोघांनाच राहावयाचे असेल तर तीन लिटरांचा.

मोठे भांडे घेतले तर बिघडले काय, असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. "मोठ्यात लहान मावते, लहानात मोठे मावत नाही", हे त्यांचे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. परंतु मोठ्या पातेल्यात वाटीभर डाळ टाकून पाहावी. ती तळाशी पातळ पसरते, पाणी भराभर आटते, कडा करपतात, आणि अर्धा गॅस रिकामा धातू तापविण्यातच जातो. उलटपक्षी भांडे शेगडीच्या ज्योतीहून लहान असेल तर ज्योत बाजूने वर जाते आणि स्वयंपाकघर तापते, अन्न नव्हे. लाकडाच्या चुलीवर हा फरक सरपणाच्या मोळीत दिसत असे. आता तो सिलिंडर किती दिवस चालला, यावर कळतो.

आणखी एक भ्रम दूर करावयास हवा. माणसे दुप्पट झाली म्हणजे भांडेही दिसावयास दुप्पट मोठे हवे, असे आपण समजतो. वस्तुतः तसे नाही. वीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल पातेल्यात तीन लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते. पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर खोल पातेल्यात मावते सहा लिटरांहून अधिक. म्हणजे रुंदी आणि खोली सव्वापट केली की पोट दुप्पट झाले. दोन्ही मापे खरोखरच दुप्पट केली तर पोट आठपट होते! सत्यनारायणाच्या प्रसादापासून देवाच्या दक्षिणेपर्यंत आपण जो सव्वा शुभ मानतो, तो भांड्यांच्या हिशेबातही असा उपयोगी पडावा, याची आम्हांला मोठी मौज वाटली. डोळ्यांवर विसंबू नये, हे मात्र खरे. दुकानात लिटरचे माप आणि पाणी मागावे, आणि भांडे भरून पाहावे. चांगला दुकानदार रागावत नाही.

सत्यनारायणाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. सव्वा किलो रवा, तेवढीच साखर, तेवढेच तूप आणि त्याच्या तिप्पट दूध-पाणी असा प्रसाद केला तर तयार शिरा सात किलोंच्या आसपास भरतो. तो सात-आठ लिटरांच्या कढईत मावेल. परंतु सराट्याने हलविता येणार नाही, आणि न हलविलेल्या शिऱ्याचे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. कढई बारा लिटरांची हवी. वर्षातून एकदा लागणारी ही कढई विकत घ्यावी की मागून आणावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमचे मत मागून आणण्याच्या बाजूचे आहे, आणि ते असे का झाले, ते पुढे येईलच.

विदर्भात भांड्यांची खरी परीक्षा होते ती महालक्ष्म्यांना. भाद्रपदात अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पंचामृत, कटाची आमटी, आणि वर टांगलेला फुलोरा. वर्षभर चार पानांचे घर त्या दिवशी साठ पानांचे होते. आमच्या घरी साठ पानांस चार किलो हरभऱ्याची डाळ पुरणाला घालतात. ती शिजविण्यास वीस लिटरांचे भांडे लागते. तिच्याच कटाची आमटी बारा लिटर, कढी नऊ-दहा लिटर. त्या दिवशी मातोश्रींची जुनी बगोणी माळ्यावरून खाली येत, चिंच-राखेने घासली जात, आणि सोन्यासारखी झळकत. ती पाहून आम्हांस लहानपण आठवे.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका महालक्ष्म्यांना आमटीचे बगोणे उतरविण्याची वेळ आली. बगोणे पितळी, रिकामेच सहा-सात किलोंचे. आत बारा लिटर उकळती आमटी. पूर्वी असे भांडे घरातील दोन धडधाकट पुरुष कड्यांना धरून उतरवीत. त्या दिवशी पुरुषमंडळी बाहेर पंगतीची व्यवस्था पाहत होती. सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री आणि आमच्या सौभाग्यवती, दोघींनीच फडकी घेऊन कड्या धरल्या. एक कडी निसटली. आमटी सौभाग्यवतींच्या उजव्या पायावर आली.

देवीचे दिवस, घरात पाहुणे, पाय पाण्यात धरून त्या बसल्या, आणि तशाही स्थितीत त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो "नैवेद्य दाखवला का?" असा. नैवेद्य दाखविला गेला. पंगतीही झाल्या. आमटी शेजारच्या घरून आली. दीड महिना त्यांना चप्पल घालता आली नाही. आम्ही त्या दिवशी बाहेर पत्रावळी मोजीत होतो, ही गोष्ट आम्हांला आजही स्वस्थ बसू देत नाही.

दिवाळी आली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला. मातोश्रींच्या मनात शंका होती, की सासूबाईंच्या हातचे भांडे बदलले तर कुलाचार मोडल्यासारखे होणार नाही ना? त्या स्वतः हे बोलून दाखवीत नव्हत्या, पण जाणवत होते. शेवटी आम्ही आमच्या घरच्या गुरुजींना विचारले. ते वृद्ध, कर्मठ आणि मितभाषी. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "कुलाचार नैवेद्यात आहे, सोवळ्यात आहे, अतिथीच्या तृप्तीत आहे. पितळेच्या वजनात तो कोठे सांगितला आहे?" असे ते म्हणाले, आणि पुढे मातोश्रींकडे वळून, "वहिनी, पुरीला जगन्नाथाचा महाप्रसाद कशात होतो, ठाऊक आहे ना?"

पुरीचे उदाहरण खरोखरच विचार करण्यासारखे आहे. तेथील रोसघर हे देशातील सर्वांत मोठ्या पाकशाळांपैकी एक. हजारो भाविकांचा महाप्रसाद तेथे रोज सिद्ध होतो. परंतु एका प्रचंड कढईत नव्हे, तर मातीच्या हंड्यांत, एकावर एक रचून, लाकडाच्या अग्नीवर. एकदा वापरलेली हंडी पुन्हा चुलीवर चढत नाही. यात धर्माइतकेच व्यवहाराचेही शहाणपण आहे. फार मोठ्या भांड्यात भात लावला की खालचा थर वरच्या भाराने चिखल होतो आणि वरचा बोटचेपा राहतो. म्हणून भात नेहमी दोन-तीन मध्यम भांड्यांत विभागून लावावा; आमटी, कढी हे पातळ पदार्थ ढवळले जातात, त्यांना मोठे भांडे चालते, पण उचलण्यासाठी नव्हे. मोठे भांडे असेल तर ते चुलीवरच राहू द्यावे आणि त्यातून पळीने लहान भांड्यांत काढून घ्यावे. हे सोपे तत्त्व आमच्या घरात पाय भाजण्यापूर्वी कोणासही सुचले नाही!

आपल्या जिल्ह्यातही मोठ्या मापाचे अन्नदान आहेच. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात शेतातच लाखावर भाविकांची पंगत बसते आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. ज्यांनी ते दृश्य पाहिले आहे त्यांना भांड्याची मर्यादा म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. तेथे ट्रॉली हेच भांडे, आणि उचलणारे हात हजारो. घराने त्याची बरोबरी करू नये. दुसऱ्या टोकास आपले वऱ्हाडी रोडगे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या रोडग्यांना भांडेच लागत नाही. वरणाला एक गंज आणि वांग्याच्या भाजीला एक, की शेतातील देवाचे जेवण उरकले. पूर्वजांनी मोठ्या पंगतीसाठी हा पदार्थ का निवडला असावा, याचे उत्तर आम्हांला त्या दोन गंजांत दिसते.

आणि उरलेल्या अन्नाचे काय? शेगावच्या भक्तांना हे सांगावयास नकोच. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज प्रथम दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना. बंकटलाल अग्रवालांनी ते पाहिले, आणि पुढचा सारा इतिहास घडला. त्या शितांची आठवण ठेवणाऱ्या जिल्ह्यात भांडे मोठे आहे म्हणून चार मुठी तांदूळ अधिक टाकण्याची सवय शोभत नाही. ही सवय आमच्याही घरात होती. भांडे अर्धे रिकामे दिसले की गृहिणीचा हात आपोआप डब्याकडे वळतो. तो कृपणपणा वाटू नये म्हणून. योग्य मापाचे भांडे भरलेले दिसते, आणि हात थांबतो.

धातूविषयी दोन शब्द. तांबे उष्णता फार लवकर आणि सर्वत्र सारखी पसरविते. स्टेनलेस स्टील तिच्या सुमारे पंचविसाव्या भागानेच. म्हणून पातळ तळाच्या स्टीलमध्ये पुरण लागते. पुरणाचे भांडे जाड बुडाचेच घ्यावे. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्या सांगत आल्या. कल्हईशिवाय त्यात आमटी, कढी, ताक ठेवू नये. नवसागर आणि कथील घेऊन दारी येणारा कल्हईवाला आता क्वचितच दिसतो, तेव्हा पितळी भांडे घेण्यापूर्वी आपल्या गावात कल्हई कोण करून देतो, याची चौकशी आधी करावी. नैवेद्यासाठी मात्र एखादे लहानसे पितळी पातेले वेगळे असावे, असे आम्हांला वाटते. सोवळ्यातले भांडे लहान असले की ते नित्य वापरले जाते. मोठे असले की माळ्यावर जाते.

त्या दिवाळीत आमच्या घरी जे ठरले, ते असे. सात पातेल्यांपैकी चार ठेवली, तीन नव्याने बिऱ्हाड मांडलेल्या पुतण्याला दिली. दोघांच्या संसारात ती नेमकी बसली. महालक्ष्म्यांसाठी आठ-आठ लिटरांची, दोन्हीकडे घट्ट कड्या असलेली दोन गंजे घेतली. आणि मोठी पितळी बगोणी? मोडीत घालण्याचा विचार एकाने बोलून दाखविला. पितळेला भाव चांगला होता. मातोश्री उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पायलीचे बगोणे होते. काठावर आमच्या आजीचे नाव, ठोकून ठोकून कोरलेले, अजून वाचता येत होते.

"हे गावच्या मारुतीला द्या," त्या म्हणाल्या. "तेथे उचलायला माणसं आहेत."

आपल्याकडे बहुतेक गावी देवळाची म्हणून भांडी असतात. लग्न, बारसे, भागवत सप्ताह, काहीही असो, वहीत नोंद करून न्यावीत, घासून परत आणावीत, हरवली तर भरून द्यावीत. अलीकडे बिछायत केंद्रे झाल्यापासून ही रीत मागे पडली आहे, ती पडू नये असे आम्हांला वाटते. भाड्याच्या भांड्यावर कोणाच्याही आजीचे नाव नसते. धनत्रयोदशीच्या सायंकाळी, रिकामे भांडे देऊ नये म्हणून त्यात सव्वा शेर धने-गूळ घालून, आम्ही ते बगोणे देवळात पोचविले. यमदीपदानाची वेळ होत आली होती. पुजाऱ्यांनी वही काढली, नोंद केली, आणि धने-गूळ जमलेल्या पोरांना वाटून टाकला.

त्या वहीत आजवर त्या बगोण्याच्या पुढे सतरा नोंदी झाल्या आहेत. गेल्या महालक्ष्म्यांना पुरणाची डाळ शिजविण्यास आम्हीही ते मागून आणले; देवळातील दोन तरुण ते घेऊन आले, चुलीवर चढविले, आणि डाळ शिजल्यावर उतरवूनही तेच गेले. सौभाग्यवतींनी त्यांना बसवून घेतले आणि पहिल्या पोळ्या वाढल्या. बगोण्याची कल्हई आता विरली आहे. या धनत्रयोदशीस नवे भांडे न घेता तेवढे पैसे तिच्याकडे लावावे, असे घरात चालले आहे.